कामगारांची मुले आणि इंजिनिअरिंगचे गणित



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. त्या प्रश्नावर मी गेली तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर आणि कामगार न्यायालयाच्या ओट्यावर बोलत आलो आहे, आणि पुढेही बोलणारच आहे. पण वसंतातली ही चार-सहा दिवसांची मेजवानी रोजच्या भाकरीवर भागवू नये असे मला वाटले, म्हणून मी विषय बदलून मागितला. मी 'गणित' म्हणालो तेव्हा चालक जरा थबकले. ते साहजिकच होते. माझा शाळेशी संबंध नववीतच तुटला. त्यापुढे जे काही पदरात पडले ते जिनिंगमधल्या रात्रपाळीत, युनियनच्या जमाखर्चाच्या वह्यांत आणि रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणलेल्या पुस्तकांत. तेव्हा गणितातले पांडित्य माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. गणितापायी आमच्या वस्तीतल्या घरांत काय घडते आहे, एवढे मला ठाऊक आहे, आणि ते सांगण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

आपला वऱ्हाड शिक्षणाच्या बाबतीत करंटा नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती कुणब्या-माळ्यांच्या, बलुतेदारांच्या आणि अस्पृश्य गणल्या गेलेल्यांच्या पोरांनी शिकावे म्हणून. अमरावतीचे सरकारी तंत्रनिकेतन १९५५ चे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६४ चे. मग १९८३ साल उजाडले. त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली, आणि बडनेरा, अकोल्याजवळचे बाभुळगाव व शेगाव अशी तीन कॉलेजे त्या एकाच वर्षी उभी राहिली. अमरावती विद्यापीठही त्याच वर्षाचे. पुढे आणखी कॉलेजे निघाली. आज स्थिती अशी आहे की, इंजिनिअरिंगला जायचे म्हणून वऱ्हाडातल्या मुलाला पुण्या-मुंबईची गाडी धरावी लागत नाही. अकोल्यात एस.टी.त बसले तर तो अर्ध्या तासात कॉलेजच्या दारात उतरतो.

दाराशी पूर्वी जो पैशाचा पहारेकरी उभा असे, तोही पुष्कळसा बाजूला झाला आहे. मागासवर्गीयांना शिष्यवृत्ती आहे, आर्थिक दुर्बलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क सवलत आहे. आणि २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास व आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ह्या सवलती कोणी ताटात वाढून दिलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी मोर्चे निघाले, त्यांत आमचेही झेंडे होते. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार आहेच, ती आज काढीत नाही. पण फी माफ झाल्यावर जे उरले त्याचा विचार आपण केला नाही. सरकार फी माफ करू शकते, पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर माफ करू शकत नाही.

मुले त्या पेपराला 'एम-वन' म्हणतात. त्याच्या मागोमाग 'एम-टू', आणि दुसऱ्या वर्षाला 'एम-थ्री'. आमच्या वस्तीत ही नावे आता शनी-मंगळासारखी घेतली जातात. एम-वन राहिला म्हणजे 'बॅक' लागली. दोन-चार बॅका साचल्या म्हणजे 'इयर डाऊन'. इयर डाऊन हा शब्द ज्याच्या घरात मोटार आहे त्याच्या मुलासाठी एका वर्षाचा उशीर एवढाच अर्थ धरतो. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा. त्या वर्षाची शिष्यवृत्ती अडकते, वसतिगृहाची खोली जाते. बाप म्हणतो, 'वर्षभर घरी बसून काय करशील, कुठं कामाला लाग.' मुलगा एम.आय.डी.सी.त ठेकेदाराकडे बाराबारा तास उभा राहतो, हातात थोडे पैसे खेळू लागतात, आणि मग कॉलेजची पायरी तो पुन्हा चढत नाही. असे पाहिलेले मुलगे मला मोजता येतील, पण मोजावेसे वाटत नाहीत. त्यांतले काही आमचेच सभासद झाले आहेत. चांगले सभासद आहेत. पण सभासद वाढवण्याची ही रीत मला मान्य नाही.

एक बाई युनियनच्या ऑफिसात आल्या होत्या. सूतगिरणीत कामाला. म्हणाल्या, "भाऊ, पोट्टं दहावीत पंच्याऐंशी टक्के होतं जी. आता म्हन्ते, मले गणित समजतच नाही. दोन वर्सात डोक्सं बिघडते का कोनाचं?"

प्रश्न रास्त होता. डोके दोन वर्षांत बिघडत नाही. मग काय बिघडते?

पहिली गोष्ट भाषेची. आमचे मूल दहावीपर्यंत मराठीत गणित शिकते. त्याला लसावि येतो, मसावि येतो, परिमेय संख्या ठाऊक असते, समच्छेद करून बेरीज करता येते. अकरावी विज्ञानात पाऊल टाकले की, एका उन्हाळ्यात हे सारे शब्द त्याच्यापासून काढून घेतले जातात. लसाविचा एल.सी.एम. होतो, घातांकाचा एक्स्पोनंट होतो, गुणोत्तराचा रेशो. वस्तू तीच, पण तिला ओळखण्याची खूण पुसली गेली. पुष्कळ शाळांनी 'सेमी-इंग्रजी' काढून हा खड्डा बुजवण्याचा यत्न केला आहे. पण खेड्यातल्या साऱ्याच मुलांना ते मिळत नाही, आणि मिळाले तरी शिकवणारा मराठीत सांगतो, पुस्तक इंग्रजीत असते, आणि मूल दोहोंच्या मध्ये पाठांतर करीत बसते. राज्याची जी सामायिक प्रवेश परीक्षा आहे, तीत २०२५ पर्यंतची पद्धत अशी की, पदार्थविज्ञान व रसायन मराठीत सोडवता येते, उर्दूतही येते; गणित मात्र केवळ इंग्रजीत. आणि गणिताचेच गुण शंभर, बाकीच्या दोन विषयांचे पन्नास-पन्नास. म्हणजे ज्या पेपराचे वजन दुप्पट, तिथेच आमच्या मुलाची जीभ बांधलेली. केंद्राची जे.ई.ई. मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. दिल्लीला जे जमले ते मुंबईला का जमू नये, हा प्रश्न मी विचारून ठेवतो.

दुसरी गोष्ट शिकवण्यांची. अकोला शहर आज वऱ्हाडातले शिकवण्यांचे मोठे ठाणे झाले आहे. मुलाचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असते आणि मूल बसते क्लासमध्ये. तेथे मेहनत नाही असे मी म्हणणार नाही. कित्येक शिक्षक जीव तोडून शिकवतात. पण तेथील माल परीक्षेच्या मापाने कापलेला असतो. प्रवेश परीक्षेत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला एकशे आठ सेकंद. चार उत्तरे समोर छापलेली, चुकल्यास गुण कापत नाहीत. अशा वेळी शहाणा क्लास काय शिकवील? उत्तरे उलटी घालून पाहा, जे बसेल ते ठोका. मुलगा ठोकतो, त्याला जागा मिळते. मग एम-वनच्या पेपरात उत्तरे छापलेली नसतात. तेथे कोरा कागद असतो आणि सहा-सात ओळींची मांडणी करायची असते. तिसऱ्या ओळीत अपूर्णांकाच्या छेदात कंस येतो, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते. मी अशा मुलांच्या उत्तरपत्रिका, त्यांनी आणून दाखवल्या तेवढ्या, नीट पाहिल्या आहेत. नवे कॅलक्युलस चुकल्यामुळे नापास झालेला मुलगा क्वचित. आठवी-नववीचे बीजगणित चुकल्यामुळे नापास झालेलेच फार.

ह्यावर वरच्या मंडळींनी एक तोड काढून पाहिली. २०२१ च्या मार्चमध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एक पुस्तिका काढली, तीत बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान घेतलेच पाहिजे ही अट सैल केली होती. राहिलेली उणीव कॉलेजांनी 'ब्रिज कोर्स' चालवून भरावी, असे त्यांचे म्हणणे. गदारोळ झाला, परिषदेला खुलासे करावे लागले. काही पुरोगामी मित्रांना ही सवलत गरिबांच्या हिताची वाटली. मला ती तशी वाटली नाही. ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे तो गणित कुठूनही शिकेल; अट सैल झाल्याने गणितावाचून राहील तो आमचाच मुलगा. त्याला पदवी मिळेल, आणि यंत्राजवळ उभे राहून दुसऱ्याने काढलेले आकडे वाचण्याचे काम मिळेल. ब्रिज कोर्स ही कल्पना मात्र चांगली आहे. पूल कुठून कुठे बांधायचा एवढेच पाहावयाचे.

आता थोडे कापसाबद्दल बोलतो, कारण वऱ्हाडात कापसावाचून व्याख्यान होत नाही.

रुईची गाठ १७० किलोची. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली तर एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. हे गणित जिनमधला कोणताही जुना माणूस बिडीचा झुरका ओढता ओढता करतो. पूर्वीचे दिवाणजी तर पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी घोकलेले; त्यांच्यापुढे यंत्र लाजे. मग अशा घरातले मूल गणितात मागे का? ब्राझील देशात रेसिफे नावाचे शहर आहे. तेथे रस्त्यावर नारळ-भाजी विकणाऱ्या मुलांचा अभ्यास कॅराहर आणि श्लीमान ह्या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. मुले अवघी पाच, पण निष्कर्ष जगभर गाजला. गिऱ्हाईक म्हणून विचारले तेव्हा त्यांची शंभरांतली अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर. तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांनी घातली, तेव्हा सदतीस. एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली, नारळ पस्तीसचा. त्याने दहाने गुणून शून्य लावले नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तिनांचे मिळून दोनशे दहा, असे करीत साडेतीनशेवर आला. आपला हमाल असाच मोजतो.

हे वाचून पुष्कळांना भरते येते, आणि 'गरिबांना गणित येतेच, शाळाच नालायक' असे ते म्हणू लागतात. तेवढ्यावर थांबण्यात अर्थ नाही. २०२५ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला आहे. त्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले पाहिली. बाजारातले हिशेब त्यांना झरझर येतात, शाळेची साधी उदाहरणे अडतात. आणि उलटेही: शाळेत चांगली चालणारी मुले बाजारात अडखळतात. म्हणजे इकडचे ज्ञान तिकडे आपोआप जात नाही, तिकडचे इकडे येत नाही. नदीच्या दोन्ही काठांवर वस्ती आहे आणि नाव नाही. बाजारातले गणित म्हणजेच बीजगणित असे म्हणणे ही आमच्या मुलांची फसवणूक आहे. पण बाजारातल्या गणितापासून बीजगणितापर्यंत हात धरून नेता येते, हे आम्ही आमच्या ऑफिसातल्या वर्गात पाहिले आहे, आणि ते कसे, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे.

तोच कापूस घ्या. उतारा ३४ टक्के असता गाठीला ५०० किलो कापूस. उतारा एक टक्क्याने घसरून ३३ झाला, तर ५१५ किलो. पंधरा किलो जास्त. आता दुसरा, हलका कापूस घ्या, उतारा ३०. त्याला ५६७ किलो लागतो. त्याचाही उतारा एकच टक्का घसरून २९ झाला, तर ५८६. ह्या वेळी साडेएकोणीस किलो जास्त! घसरण तीच, एकच टक्का. मग नुकसान निराळे का? आमच्या वर्गात हा प्रश्न टाकला, तेव्हा मुलांनी एकमेकांची गणिते तपासायला सुरुवात केली, कारण कोणाचा विश्वास बसेना. मग उताऱ्याला क्ष म्हटले, कापसाला य म्हटले, आणि आलेख काढला. रेषा सरळ आली नाही, वाकली. तुम्ही रेषेवर कुठे उभे आहात ह्यावर चढ अवलंबून आहे, हे पोरांना डोळ्यांनी दिसले. एम-वनच्या पहिल्या धड्यात ह्याहून निराळे काही नाही. ज्या मुलाने सहा महिने 'डी-वाय बाय डी-एक्स' नुसते मंत्रासारखे म्हटले होते, तो मला म्हणाला, "काका, हे तर भावाच्या घसरणीसारखं आहे." मी म्हणालो, आहेच मुळी.

दुसरे उदाहरण वीजवाल्यांचे. पारसच्या वीजकेंद्रात आणि गावोगावच्या लाइनींवर आमची पुष्कळ माणसे आहेत. त्यांतला एक वायरमन आपल्या मुलीला सोडायला येई. एकदा त्याने वर्गालाच विचारले: एका फेजला न्यूट्रलशी मीटर लावला की २३० व्होल्ट. दुसऱ्या फेजलाही २३०. मग दोन फेजांच्या मध्ये लावला तर ४६० का येत नाहीत? चारशेच्या आसपासच का येतात? (बोलताना तो 'चारशे चाळीस'च म्हणे, जुनी सवय.) वीस वर्षे खांबावर चढणाऱ्या माणसाचा हा प्रश्न. त्याला कोणी उत्तर दिलेले नव्हते, कारण त्याने कोणाला विचारावे अशी व्यवस्थाच नव्हती.

आम्ही फरशीवर खडूने एक बिंदू काढला. त्यातून २३ सेंटिमीटरच्या दोन रेषा, मधला कोन १२० अंश, कारण दोन फेजांच्या लाटा एकमेकींपासून आवर्तनाच्या एक तृतीयांशाने मागेपुढे चालतात. दोन टोकांतले अंतर मोजले. चाळीसला किंचित कमी. मग मुलीने मधून लंब टाकला, कोनाचे दोन भाग केले, साठ अंशांचा साइन घेतला, आणि २३० ला तिनाच्या वर्गमुळाने गुणून ३९८ काढून दाखवले. बापाने ते पाहिले. तो काही बोलला नाही; पण पुढच्या आठवड्यात दोन सहकाऱ्यांना घेऊन आला.

तेथून 'काल्पनिक संख्या' एका पावलावर होत्या. हे नाव ज्याने दिले त्याने गरिबांच्या मुलांचे फार नुकसान केले. आधीच घाबरलेल्या मुलाला सांगायचे की, ही संख्या खरी नाही, कल्पनेतली आहे, पण परीक्षेत मात्र खरी येईल! तीच संख्या म्हणजे रेषा फिरवण्याचे हत्यार आहे, आणि तुझ्या बापाच्या तीन फेज तिच्यावाचून मांडता येत नाहीत, असे म्हटले की भीती पुष्कळ ओसरते. लेथवर टेपर कातणाऱ्या माणसालाही असाच टॅन्जंट रोज भेटतो. एका टोकाला व्यास ४०, दुसऱ्याला ३०, लांबी ५० मिलिमीटर असेल, तर तो आपला स्लाइड पाच अंश त्रेचाळीस मिनिटांवर ठेवतो. आय.टी.आय.च्या वर्कशॉपचे गणित ह्यासाठीच असते. दुर्दैव असे की, ते गणित आय.टी.आय.त राहते आणि इंजिनिअरिंगचे इंजिनिअरिंगमध्ये.

ह्या पुलाच्या बांधकामात आमच्यासारख्या संघटना करणाऱ्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात युरी ट्राइझमन नावाचे गणिताचे एक शिक्षक होते. १९७०-८० च्या दशकात त्यांनी पाहिले की, कॅलक्युलसच्या वर्गात काळी मुले फार नापास होतात, चिनी वंशाची मुले फार चमकतात. सहकाऱ्यांना कारण विचारले, तर कोणी म्हणे जिद्द नाही, कोणी म्हणे घरचे लक्ष नाही, पाया कच्चा आहे. आपल्याकडे जी कारणे देतात तीच. ट्राइझमननी दोन्ही गटांतली वीस-वीस मुले घेतली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्या खोल्यांवर जाऊन पाहिले. काळी मुले आळशी नव्हती. कित्येक आपापल्या शाळेत पहिली आलेली. पण ती एकटी अभ्यास करीत. चिनी मुले आधी एकेकटी बसत, मग संध्याकाळी एकत्र जेवत आणि एकमेकांची उत्तरे तपासत. कोणालाच सुटले नाही तर गणित कठीण आहे असे समजत. एकट्या मुलाला गणित सुटले नाही तर तो आपणच कच्चे आहोत असे समजे. ट्राइझमननी मग 'कच्च्यांचा वर्ग' काढला नाही. त्यांनी कठीण गणिते निवडली, मुलांना गटाने बसवले, आणि आम्ही तुम्हांला हुशार समजून बोलावले आहे असे सांगितले. मुले नुसती पास झाली नाहीत, पुढे गेली.

मला ह्यात नवल वाटले नाही. पगार कमी पडतो तो आपल्याच नशिबाने, असे समजणारा कामगार मी पाहिला आहे, आणि दहा जणांच्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर त्याचा चेहरा कसा बदलतो तेही पाहिले आहे. रॉबर्ट मोझेस ह्या गृहस्थांनी हेच केले. १९६० नंतरच्या वर्षांत मिसिसिपीत काळ्या शेतमजुरांची मतदारयादीत नावे नोंदवण्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. आणि १९८२ साली त्यांनी बीजगणित शिकवण्याची चळवळ सुरू केली. एका काळी मताचा जो हक्क होता, तो आता बीजगणिताचा आहे असे त्यांचे म्हणणे. धन आणि ऋण संख्या शिकवायला ते मुलांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवत. आमच्याजवळ भुयारी रेल्वे नाही, पण अकोल्याला शून्य माना: मूर्तिजापूर अधिक एक, बडनेरा अधिक दोन, शेगाव वजा एक. मोठी स्टेशने तेवढी मोजायची. शेगावहून तीन स्टेशने पूर्वेला गेलात तर कुठे उतराल? पाचवीतले पोर सांगते, आणि दिशेचे चिन्ह त्याच्या डोक्यात पक्के बसते.

तंत्रनिकेतनातून येणाऱ्या मुलांबद्दल एक शब्द. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आमच्या मुलांना फार सोयीची, कारण डिप्लोमा हातात असला म्हणजे निदान नोकरीची आशा असते. पण डिप्लोमातले गणित बहुधा पहिल्या वर्षातच आटोपते. मग दोन वर्षे त्याचे तोंड पाहायचे नाही, आणि एम-वन, एम-टू न करता एकदम एम-थ्रीच्या पाण्यात उडी. वर्कशॉपमध्ये हा मुलगा साऱ्या वर्गात सरस, आणि गणितात तळाला. त्याला कोणीतरी आधी पाणी दाखवले पाहिजे.

आता मागणे काय ते सांगतो. सवयच आहे.

प्रवेश परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत जातात. मधले हे दहा-बारा आठवडे श्रीमंताचा मुलगा विश्रांती घेतो, आमचा मुलगा केटरिंगच्या कामाला जातो. कॉलेज सुरू झाल्यावर पाया भरायला वेळ उरत नाही. शेवटच्या फेरीतला मुलगा वर्गात येतो, तोवर एम-वनचा एखादा धडा उरकलेला असतो. तेव्हा वर्ग घ्यायचा तो ह्याच मधल्या काळात, गावात, वस्तीजवळ. आठवी ते दहावीचे बीजगणित, अपूर्णांक, घातांक, त्रिकोणमिती. मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द एका वहीत समोरासमोर. आणि रोज एक कठीण गणित, चौघांनी मिळून सोडवायचे. तंत्रशिक्षण परिषदेने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा जो प्रवेशाचा कार्यक्रम नेमून दिला आहे, त्यात व्यायाम आहे, कला आहे, मूल्यशिक्षण आहे, मान्यवरांची भाषणे आहेत. भाषणे थोडी कमी करावीत, माझ्यासारख्यांचीसुद्धा, आणि रोज दोन तास गणिताला द्यावेत. तेथे पहिल्या दिवशी परीक्षा घ्यावी, पण ती गुणांसाठी घेऊ नये. कोणाला कुठे अडते हे कळण्यापुरती घ्यावी. सरकारच्या 'महाज्योती'ने मुलांना टॅब दिले, हे चांगलेच झाले. पण टॅब शेजारच्या मुलाची वही तपासत नाही.

आमच्या ऑफिसातला वर्ग लहान आहे. दहा-बारा मुले, दोन सतरंज्या, एक फळा. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, म्हणून वर्ग सकाळी साडेसहाला भरतो आणि नऊला सुटतो. सूतगिरणीतल्या त्या बाईंचा मुलगा दुसऱ्या खेपेला एम-वन सुटला; सध्या एम-थ्रीशी त्याची झटापट चालू आहे, आणि सकाळी तो लहानांना अपूर्णांक शिकवायला येतो. शिकवणारा मी नाही. एक निवृत्त शिक्षक आहेत, ते पायाच्या दुखण्याने दोन महिने येऊ शकणार नाहीत. ह्या सभागृहात गणिताचे निवृत्त शिक्षक-प्राध्यापक आठ-दहा तरी बसले असतील. मानधन देण्याची आमची ऐपत नाही, रिक्षाभाडे मात्र देऊ. प्रवेश परीक्षा संपली की दुसऱ्या सोमवारी वर्ग सुरू होतो. बाहेर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी आमचा एक कार्यकर्ता वही घेऊन बसला आहे, त्याच्याजवळ नाव आणि सवडीचे वार लिहून द्यावेत.